घंगाळात बुडवलेली काठी

शिंगाच्या मुठीची ती काठी मी स्वतः बिघडवली आणि दोष तिच्या कारागिराला दिला. शहाद्याच्या भर बाजारात, लोक गोळा झालेले असताना, मी म्हणालो की या माणसानं मला फसवलं. त्यानं फसवलेलं नाही, हे मला बोलताना पक्कं माहीत होतं. त्यानंतर अकरा वर्षं मी तोंड मिटून राहिलो.

हे लिहायला बसलो तेव्हा शाळेतल्या माझ्या जुन्या सोबत्यानं मला अडवलं. म्हणाला, तो काळच तसा होता, सगळेच तसं वागत, आता कशाला उकरून काढतोस? ही सबब मी घेणार नाही. घंगाळ काळानं भरलं नव्हतं, मी भरलं होतं. ज्यांना वाचून तोंड वाकडं करायचं असेल त्यांनी खुशाल करावं. माझंही पुष्कळ वर्षं वाकडंच होतं.

तापीकाठच्या एका गावात मी मराठी शाळेचा मास्तर होतो. तिशीच्या आतच प्रकाशाच्या घाटावर पाय घसरून पडलो. हाडवैद्यानं हाड बसवलं खरं, पण डावा पाय दोन बोटं आखूडच राहिला. वर्षभर वेळूची काठी वापरली. तिच्या पेरांनी तळहाताला घट्टे पडले, मग घट्ट्यांच्या जखमा झाल्या. काठी धरता येईना, तेव्हा कुणीतरी त्या शिंगवाल्याचं नाव सुचवलं.

तो बाजाराच्या टोकाला, मीठवाल्यांच्याही पलीकडे, एका लिंबाखाली बसायचा. गावकुसाबाहेर राहणारा माणूस. मेलेल्या म्हशींची शिंगं तासून फण्या करायचा, तेल ठेवायची शिंगं करायचा, आणि वर्षातून पाच-सात काठ्या. फण्या पोटासाठी होत्या. काठ्यांबद्दल मात्र तो असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा मुलींची स्थळं बघतो आहे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. आवाज बैल हाकणाऱ्याचा.

"पाय कोनता, मास्तर?"

"डावा."

"मंग काठी उजवा हातमा धरानी. सगळा लोके दुखता पायनीच बाजूले धरतस, आनि सांगतस काठी वाईट शे."

वर्षभर मी ती डाव्या हातातच धरत होतो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, हाडवैद्यानंसुद्धा नाही.

माप घ्यायचं तर माझ्या अंगाला हात लावायची सोय नव्हती. त्यानं सुताची दोरी जमिनीवर ठेवली आणि मला तिचं एक टोक उचलून मनगटाशी धरायला सांगितलं. दुसरं टोक त्यानं माझ्या वहाणेजवळ मातीला टेकवलं. "दोरीले इटाळ नही लागस ना?" असं विचारून तो एकटाच हसला. मुठीसाठी त्यानं मळलेल्या चिकणमातीचा गोळा पाटीवर माझ्याकडे सरकवला. मी तो हळूच दाबला.

"आशी नका धरू," तो म्हणाला. "पडताना माणूस धरस ना, तशी धरा."

मी गच्च आवळला. माझ्या बोटांच्या खुणा उमटलेला तो गोळा त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. वरच्या जातीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तो अशीच घेत असे. माणसाला न शिवता त्याच्या हाताबरहुकूम मूठ करायची ही युक्ती त्याची त्यानंच काढलेली होती. तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं. ती काढायची पाळी त्याच्यावर कुणी आणली, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

पंधरा दिवसांनी काठी मिळाली. दांडा धामणीच्या लाकडाचा, जरा लवणारा पण मोडणार नाही असा. खाली लोखंडाची शेंबी. मूठ काळीभोर, आणि अंगठा टेकतो तिथे मधाच्या रंगाची एक रेघ. त्यानं ती जमिनीवर ठेवली, मी उचलली. माझी बोटं आपापल्या जागी गेली. मी लिंबाला दोन फेऱ्या मारल्या आणि मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

"आते ऐका," तो म्हणाला. "दर अमावास्येले तीळनं तेल, बोटभर, फडकावर लीसन चोळानं. उन्हमा ठेवानी नही, चुल्हाजोडे ठेवानी नही. पेटीमा ठेवशात तर लिंबना पाला टाका, नही ते कसर खाई. आनि पानीमा घालानी नही. शिंग म्हंजे नखच शे. भिजनं का फुगस, वाळनं का उकलस."

"बरं."

"बरं नही. म्हना, पानीमा घालावू नही."

मी मास्तर. मुलांकडून असं वदवून घ्यायची सवय माझी. तरी म्हणालो, "पाण्यात घालणार नाही."

घरी माझे थोरले भाऊ ओसरीवर बसले होते. शेती आणि घर ते बघत, गावातल्या महादेवाच्या देवळाचे पंचही होते. मी त्यांना दादा म्हणत असे. काठी बघून त्यांनी हात पुढे केला, आणि मूठ दिसताच मागे घेतला.

"कोना हातनी?"

"बाजारनी."

"बजारले हात ऱ्हातस का? कोना हातनी, इचारी ऱ्हायनू मी."

मी सांगितलं.

"गोठामा ठेव. उंबरठाना आत नही, आनि देऊळनी पायरीले ते टेकाडूच नको."

दादा वाईट नव्हते. माझा पाय मोडला तेव्हा कितीतरी आठवडे मला उचलून न्हाणीत नेणारा माणूस तो. म्हणूनच त्यांना दुखवायची माझी छाती झाली नाही. आणि काठी सोडायचीही झाली नाही. रोज सकाळी भिंत धरत गोठ्यापर्यंत लंगडत जायचं, तिथे काठी घ्यायची, संध्याकाळी तिथेच ठेवायची आणि पुन्हा भिंत धरत घरात यायचं. आठेक दिवस असे काढल्यावर माझ्या मनानं तोडगा काढला. काठी शुद्ध करून घ्यावी.

कुणी सांगितलं नव्हतं. दादांनीही नाही. चार थेंब शिंपडले असते तरी दादांचं समाधान झालं असतं, बाहेरून आलेल्या कितीतरी वस्तूंना आमच्याकडे तेवढंच करत. पण अर्धवट काम करायचं नाही, असं मी वर्गात रोज सांगणारा माणूस. तांब्याचं घंगाळ घेतलं, त्यात गोमूत्र आणि तापीचं पाणी ओतलं, तुळशीची पानं टाकली आणि मुठीकडून काठी आत सोडली. तीन दिवस, तीन रात्री. घालताना त्याचं वाक्य मला शब्दन् शब्द आठवत होतं. मला वाटलं, तो साध्या पाण्याबद्दल बोलला असेल. नाही, हेही खोटं. मला वाटलं, त्याला काय कळतंय.

चौथ्या दिवशी मूठ फुगलेली निघाली. कडेला हिरवट-पांढरी साय धरलेली. ती वाळवायला मी घराच्या धाब्यावर वैशाखाच्या उन्हात ठेवली. संध्याकाळी बघतो तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर सुटलेले आणि मधाच्या रेघेतून लांब चीर गेलेली. मी मेणात काजळी कालवून चीर बुजवली, वर तेल चोळलं. काठी देवघराच्या भिंतीला टेकली. दादा म्हणाले, "आते बरं." त्या दोन शब्दांसाठी मी ते केलं होतं.

पुढच्याच बाजारी गूळवाल्याच्या दुकानासमोर मूठ माझ्या हातात उभी फाटली. मी तोंडावर पडलो. धोतर सुटलं, टोपी धुळीत गेली. माझ्या शाळेतली दोन मुलं गूळ घ्यायला आलेली होती, ती हसू दाबत होती. मला उठवत गूळवाल्यानं विचारलं, "मास्तर, काठी कोनी शे हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी लिंबाकडे बोट केलं. "त्यानी. सडेल शिंग दिधं माले. फसाडं त्यानी माले."

शब्द त्याच्यापर्यंत गेले. तो उठून आला, लोक शिवाशिव नको म्हणून दोन्ही बाजूंना सरकले. त्यानं काठी खाली ठेवायला सांगितली, मग उचलली. चिरेत नख घालून मेण काढलं, काळं बोट बघितलं, मूठ नाकाशी नेली. मग माझ्याकडे वळला.

"मास्तर, पानीमा कितला दिन व्हती?"

"पानीमा घालीच नही."

"मंग हाऊ वास?"

"कसाना?"

"गोठाना."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शिंगले गोठाना वास नही येवाव ते काय अत्तरना येवाव?" आणि सगळा बाजार हसला. त्याचा पुरावा त्या हसण्यात बुडाला. मीही हसलो. ती माझी सुटका होती, आणि मी ती घेतली.

तो हसणं थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "मन्हा इटाळ धोवाले गयात तुम्ही मास्तर, आनि मन्हं नाव धोवाई गयं."

"तोंड सांभाळ," मी म्हणालो.

मास्तरचा शब्द त्या काळी पंचक्रोशीत चाले. अर्ज मी लिहायचा, पत्रं मी वाचून दाखवायचा. मी खोटं बोलेन असं कुणाच्या मनातही येत नसे. एका पोलीस पाटलानं त्याला काठी करायला सांगितली होती, ती घ्यायला पाटील आलाच नाही, मग दुसऱ्या गिऱ्हाइकानंही नकार कळवला. फण्या खपत राहिल्या, कारण त्या फेरीवाल्यांच्या हातून घरोघर जात आणि कुणी केल्या हे कुणी विचारत नसे. काठ्या मात्र बंद झाल्या. ज्या कामावर त्याचा जीव होता तेच गेलं.

तो गप्प बसला असं कुणी समजू नये. पुढच्या बाजाराला त्यानं दोन मुठी आणल्या, एकाच शिंगजोडीच्या. एक गाडग्यात पाणी घालून बुडवली, दुसरी तेल लावून फडक्यावर ठेवली. दर आठवड्याला भिजलेली मूठ वर काढून बैलांच्या बाजारात ऐकू जाईल अशा आवाजात तो सांगायचा, "हाई मास्तरनी! आनि हाई मन्ही! देखा आनि सांगा, खोटं कोन?" लोक बघायचे, मदाऱ्याचा खेळ बघावा तसे, आणि पुढे जायचे. महिन्याभरानं गाडगं फुटलं की कुणी फोडलं, मला माहीत नाही. मग त्यानं एक तयार काठी लिंबाच्या फांदीला टांगली. ती विकायची नव्हती, लोकांनी बघावी म्हणून होती. दर बाजारी आणायची, टांगायची, संध्याकाळी काढून न्यायची. अकरा वर्षं.

हे मला ऐकून माहीत आहे. मी त्या बाजूला जातच नव्हतो. जिनिंगच्या गल्लीतून वळसा घालून, सरकीच्या ढिगांमधून, आखूड पायानं दुप्पट वाट चालत मी धान्यबाजारात शिरायचो. नवापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून सुरतेची पितळी मुठीची काठी मागवली. थंडीत ती हाताला चटका देई, उन्हाळ्यात घामानं सटकत असे. हे माझं प्रायश्चित्त आहे अशी मी मनाची समजूत घातली होती. प्रायश्चित्त कसलं? त्यानं त्याला काय मिळालं?

एका भाद्रपदात प्रकाशाहून नावेनं पलीकडे जात होतो. नावेत सातपुड्यातून कामाला उतरलेला एक म्हातारा होता, आणि त्याच्या हातात त्या माणसाची काठी. मी लांबूनच ओळखली. मूठ पिकल्या जांभळासारखी चकचकीत, कुठे एक रेघ उकललेली नाही. त्याची बोली मला येत नव्हती, नावाड्यामार्फत विचारलं, किती वर्षांची? तो म्हणाला, धाकटी लेक झाली तेव्हा घेतली, आता ती नांदायला गेली. काय करता हिला? तेल लावतो. पाण्यात घालत नाही.

"का घालत नाही?"

नावाड्यानं विचारलं. म्हाताऱ्याला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "ज्यानं केली त्यानं सांगितलं ना. मग?"

काठाजवळ नाव गाळात रुतली, सगळ्यांना उतरावं लागलं. म्हातारा कमरेपर्यंत पाण्यात होता. भाकरीचं गाठोडं त्यानं भिजू दिलं. काठी मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरून तो काठाला लागला. एवढा मान मी त्या कारागिराला कधी दिला नव्हता. मी नावेतच बसून राहिलो. नावाडी म्हणाला, "मास्तर, उतरा ना." मी उतरलो, आणि गाळातून निघालेल्या त्याच नावेनं परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी उजेडी मी गावकुसाबाहेर त्याच्या घरी गेलो. तो अंगणात शिंग तासत होता. डोळे अधू झालेले, पण मला पावलावरून ओळखलं असावं. वर न बघताच म्हणाला, "काठी अजून डावा हातमा धरतस का मास्तर?"

"उजव्या," मी म्हणालो आणि एका दमात सगळं सांगितलं. गोमूत्र, तीन दिवस, मेण, सगळं. चूक माझी, मला माफ करा.

त्यानं हातातलं शिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "खोटं कोठे बोलना व्हतात?"

"बाजारात."

"मंग खरं घरमा काबर? मन्हा घरमा सगळासले ठाऊक शे. मन्ही बकरीलेबी ठाऊक शे. बजारमा या."

आणि त्यानं शिंग पुन्हा तासायला घेतलं.

घरी मी दादांना सांगितलं. लपवून करायचं नव्हतं. दादा ताटावरून उठले. "तू मास्तर शेस. भर बजारमा त्यानी माफी मांगशी? देऊळना पंचना भाऊ? लोके काय म्हनतीन?"

"मी खोटं बोलनू व्हतू, असं म्हनतीन. ते खरं शे."

"मंग मन्हा घरमा येवू नको."

तेवढ्यात माजघराच्या दारातून वहिनी बोलली. तीस वर्षांत दादांसमोर तिनं असा आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. "मन्ही फणी त्यानाच हातनी शे. तुम्हनी मायनीबी व्हती. तीस वरीस डोकामा फिराई ऱ्हायनू, त्याच हातवरी तुम्हले भाकर करी ऱ्हायनू. आते मालेबी घंगाळमा बुडावा, तीन दिन!"

दादा पुन्हा ताटावर बसले, पण जेवले नाहीत. मी घरातून निघालो तेव्हा निरोप द्यायलाही उठले नाहीत. त्यांचं नि माझं बोलणं पुढे कितीतरी महिने बंद होतं. ते मी सोसलं. ज्यानं अकरा वर्षं सोसलं त्याच्यापुढे ते काहीच नव्हतं, आणि ते सोसताना मला पहिल्यांदा माझी लाज वाटली नाही.

बाजाराच्या दिवशी जिनिंगच्या गल्लीकडे वळलो नाही. सरळ रस्त्यानं गेलो, गूळवाल्यावरून. त्याला म्हणालो, चला माझ्याबरोबर, तुम्ही तेव्हा होतात. त्याला वाटलं पुन्हा काही तमाशा आहे, तो आला, त्याच्या मागे आणखी लोक आले. लिंबाखाली तो फण्या मांडून बसला होता. मला बघून उठला नाही.

मी बोललो. आवाज जवळच्यांपुरताच निघत होता. पहिल्या वाक्यानंतरच त्यानं हात वर केला.

"मांगला लोकेसले ऐकू नही ऊनं, मास्तर. त्या दिनले ते मीठवालासपावत ऐकू उनथं."

कुणीतरी हसलं. मी त्या हसण्यात शिरलो नाही. पितळी काठी खाली टाकली, लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभा राहिलो आणि वर्गाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जातं तेवढ्या आवाजात पुन्हा सुरुवात केली.

"या माणसाची काठी चांगली होती. पाण्यात घालू नका असं यांनी मला सांगितलं होतं, आणि घालणार नाही असं मी यांना सांगितलं होतं. यांच्या हाताचा विटाळ धुवायला म्हणून मी ती तीन दिवस गोमूत्रात बुडवली. तिची चीर मी मेणानं बुजवली. मी पडलो तो माझ्या करणीनं. यांनी मला फसवलं, असं मी या बाजारात म्हणालो, ते खोटं होतं आणि खोटं आहे हे ठाऊक असून मी म्हणालो. बाबा, मी तुमचं नाव घालवलं. मला माफ करा."